वन्संचा रकाना

“तुमच्या वन्सं दिवसभर पाणी पीत नाहीत हो. जरा लक्ष ठेवा.”

खालच्या मजल्यावरच्या शिवणमावशींनी मला हे जिन्यात अडवून सांगितलं, तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते आणि माझा एक पाय रस्त्यावर होता. मावशींच्या ओठांत दोन टाचण्या होत्या आणि हातात कुणाचं तरी अर्धं उसवलेलं जाकीट. “परवा बटणं द्यायला वर गेले होते. मुलीला कडेवर घेऊन मला चहा करून दिला, स्वतः मात्र घेतला नाही. म्हटलं, घ्या की घोटभर. तर म्हणाल्या, नको, मग जावं लागतं.”

मी हसले. “अहो मावशी, तहान लागली की पितील. त्या काय कुकुलं बाळ आहेत?”

मावशींनी टाचण्या काढून हातात घेतल्या. “बाळाकडे सगळेच बघतात, बाई,” एवढंच त्या म्हणाल्या. मला उशीर होत होता. मी निघाले.

त्या दिवशी माझ्या पिशवीत बारा कोरे फॉर्म होते आणि प्रत्येक फॉर्मच्या चौथ्या पानावर एक प्रश्न छापलेला होता: गरज पडल्यास तुमच्याकडे लक्ष देईल असे कोणी आहे का?

आपल्याकडे देशाचं उत्पादन दरवर्षी मोजतात. किती पोलाद निघालं, किती कापड विणलं गेलं, किती माल बोटीवर चढला, त्यावरून देश पुढे गेला की मागे राहिला ते ठरतं. कुणाला तरी, उशिरा का होईना, वाटलं की एवढ्यानं माणसं कशी जगतात ते कळत नाही. म्हणून ही नवी पाहणी निघाली. झोप पुरते का, दिवसातला किती वेळ स्वतःचा असतो, मन कुणापाशी मोकळं करता येतं, असे प्रश्न घरोघर जाऊन विचारायचे. छकुली सहा महिन्यांची होती तेव्हा मला हे काम मिळालं. छकुली म्हणजे माझी मुलगी. पदवीचा कागद कपाटात पडून पिवळा पडायच्या आत काम मिळालं म्हणून मी हरखून गेले होते.

काम मिळालं ते वन्संमुळे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. बावीस वर्षं एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात फर्मे, म्हणजे छापील मोठे कागद, दुमडायच्या, शिवायच्या, पाठीला खळ लावून पुठ्ठे चढवायच्या. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला सुईचा घट्टा पडलेला आहे. मग सासऱ्यांना पक्षाघात झाला. दोन भाऊ, दोन सुना आणि एक वन्सं, एवढ्यांतून कुणी घरी बसायचं हा प्रश्न घरात कुणी विचारलासुद्धा नाही. “ताईचं काय, एकटा जीव सदाशिव,” असं म्हणून सगळे मोकळे झाले. वन्संनी नोकरी सोडली, साडेतीन वर्षं वडिलांचं अंथरूण सांभाळलं. वडील गेले आणि तीन महिन्यांत आमच्याकडे छकुली आली. वन्संची खोली आधीच सोडलेली होती. त्या आमच्याकडे आल्या. म्हणजे आम्ही त्यांना आणलं, आणि चारचौघांत सांगितलं की आम्ही त्यांना आधार दिला.

*

आमच्या पाहणी कार्यालयातले पर्यवेक्षक आम्हा सगळ्या बायकांत रकानेकाका म्हणून ओळखले जात. रिकामा रकाना दिसला की त्यांना कापरं भरायचं. “रिकामा रकाना म्हणजे भोक पडलेली बादली, बाई! वरून कितीही ओता.” फॉर्मच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत नियम होता की प्रत्येक प्रौढ व्यक्तीची उत्तरे तिच्याच तोंडून, इतरांच्या अनुपस्थितीत घ्यावीत. हा नियम काकांनी प्रशिक्षणात मोठ्यानं वाचून दाखवला आणि पान उलटलं.

प्रत्यक्षात जो दार उघडायचा, तो सगळ्या घरादाराच्या वतीनं बोलायचा. “बायको? ती मजेत आहे हो, लिहा दहा.” आतून भांड्यांचा आवाज यायचा. “आई? तिला आता या वयात काय हवंय? दोन वेळचं जेवण आणि खिडकी.” मी लिहून घ्यायची. रकाना भरायचा.

पहिला फॉर्म मात्र सरावासाठी प्रत्येकीनं आपल्याच घराचा भरायचा होता. मी तो एका सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून भरला. नवरा बाहेर गेला होता. त्याची उत्तरं त्यानं सकाळीच दात घासता घासता दिली होती. वन्सं माझ्यापासून चार हातांवर, भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसलेल्या होत्या. छकुली त्यांच्या मांडीवर झोपली होती.

“वन्सं, तुमचाही भरून टाकते हं.”

“भर की,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “फक्त मोठ्यानं वाचू नकोस. ही जागी झाली तर तुझा देश थांबेल.”

मी हसले आणि भरत गेले. दिवसाचे अठ्ठेचाळीस चौकोन होते, अर्ध्या अर्ध्या तासाचे. प्रत्येक चौकोनात एकच काम लिहायचं. दुपारी बारा ते अडीच छकुली झोपते, म्हणजे वन्सं मोकळ्या. मी पाच चौकोनांत ‘विश्रांती’ लिहिलं. मुख्य व्यवसाय: काही नाही. स्वतःकडे लक्ष देणारं कोणी आहे का: होय. त्याच्यापुढे कोण म्हणून विचारलं होतं. मी लिहिलं, भाऊ व भावजय.

शेवटी आयुष्याची शिडी होती. तळाची पायरी शून्य, वरची दहा. तुम्ही कुठे उभ्या आहात? स्वतःच्या शिडीवर मी बराच वेळ रेंगाळले. पाठदुखी, जागरणं, छकुलीच्या तब्येतीची चिंता, नवऱ्याच्या कामाची अनिश्चितता, सगळं वजा करून मी सहा लिहिलं. वन्संच्या शिडीवर मला विचार करावा लागला नाही. ना मूल, ना संसार, ना नोकरीचा ताप. मी आठ लिहिलं.

त्या चार हातांवर होत्या. मान वर करून विचारायचं तेवढं मला सुचलं नाही.

*

मी काळजी करणारी बाई आहे. सगळे मला हसतात. छकुलीचा श्वास चालू आहे ना, हे बघायला मी तिच्या नाकाशी बोट धरते. बटण, मणी, शेंगदाणा, नाणं, जे जे म्हणून घशात अडकू शकतं त्याची माझ्या मनात यादी आहे. कामावर असताना दर दोन तासांनी फोन करायची. “खाल्लं का? किती? शी झाली का? कशी?” वन्सं न कंटाळता सांगायच्या. “झाली. उत्तम. तुझ्या फॉर्ममध्ये रकाना असेल तर लिही.”

छकुलीचं झोपेचं एक खूळ होतं. मांडीवर गाढ झोपायची, खाली ठेवली की डोळे टक्क उघडायची. रात्री मी आणि नवरा आळीपाळीनं तिला घेऊन बसायचो आणि सकाळी कार्यालयात त्याची रडकथा सांगायचो. दिवसा वन्सं बसायच्या. त्यांच्याकडून रडकथा कधी आली नाही, त्यामुळे मला वाटलं, दिवसा ती शहाण्यासारखी झोपत असेल.

आमच्या मजल्यावर चार घरं आणि एकच संडास, व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याजवळ. घरातून निघून, कडी लावून, पंचवीस पावलं चालून जायचं. तिथली फरशी कायम ओली. तान्ह्या मुलीला घेऊन जावं अशी ती जागा नव्हती. पण त्याचा विचार मी कधी केला नाही. मला कशाला करावा लागणार? मी घरी असले आणि जावंसं वाटलं की मी म्हणायची, “वन्सं, हिला घ्या हं,” आणि निघून जायची.

छकुली नऊ महिन्यांची असताना पलंगावरून पडली. संध्याकाळी मी घरी आले तर तिच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

“कशी पडली?”

वन्सं पांढऱ्याफटक पडल्या होत्या. “अगं, झोपली होती. चारी बाजूंनी उशा लावल्या आणि जरा बाहेर जाऊन आले. दोन मिनिटं.”

मी त्या वेळी जे म्हणाले ते इथं लिहिते, कारण ते न लिहिता ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. मी ओरडले नाही. आम्ही शिकलेली माणसं ओरडत नाही. मी छकुलीला छातीशी धरून, शांत आवाजात म्हणाले, “दोन मिनिटं थांबता आलं नसतं का, वन्सं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी नियम सांगितला: तिला एक मिनिटसुद्धा एकटं सोडायचं नाही, आणि दाराला आतून कडी. “बरं,” त्या म्हणाल्या.

पुढे पाच महिने छकुलीला ओरखडा आला नाही. कार्यालयातल्या मैत्रिणींना मी अभिमानानं सांगायची, “आमच्या वन्सं आहेत ना, मला काही बघावं लागत नाही.”

त्या काळात वन्संच्या पायांवर सूज असायची. मी म्हटलं, बसून बसून होतं. कधी कधी त्या कमरेला हात लावून, डोळे मिटून उभ्या राहायच्या. नवरा म्हणायचा, “ताई, वय झालं तुझं.” त्या म्हणायच्या, “झालं खरं. तुझं केव्हा होतंय ते बघतेय.” सगळे हसायचो. जेवताना त्या पाणी शेवटी एकदाच प्यायच्या, तेही रात्री. मी कधी मोजलं नव्हतं. मोजणं हे माझं कामच होतं, तरी नाही.

*

मावशींनी मला जिन्यात अडवलं त्याला नऊ दिवस झाले होते. दुपारचा दीड. मी एका घरात बसले होते. म्हाताऱ्या गृहस्थांचा मुलगा वडिलांच्या वतीनं उत्तरं देत होता आणि म्हातारे समोरच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. फोन वाजला. मावशी.

“लगेच या. छकुली बरी आहे, आधी तेच सांगते. वन्सं पडल्यात.”

घरी कशी पोचले ते आठवत नाही. काय झालं ते मावशींनी नंतर सांगितलं. त्या मशीनवर बसल्या होत्या, तेव्हा डोक्यावर, छतातून ठण् ठण् असा आवाज आला. थांबला. परत आला. त्या वर धावल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. कडी काढलेली होती. जमिनीवर गादी टाकून, भोवतीनं उशा, लोड, माझी सुटकेस, तांदळाचा डबा असा कोट उभारून त्यात छकुली ठेवलेली होती. ती रडून लालबुंद झाली होती, पण कोटाच्या आत होती. आणि कोटाच्या बाहेर, दारापाशी वन्सं आडव्या पडलेल्या होत्या. अंग भट्टीसारखं तापलेलं. हातात स्टीलचा पेला होता, त्याच्या बुडानं त्या फरशीवर ठोकत होत्या.

थंडी वाजून ताप चढला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा आपण आता पडणार हे त्यांना कळलं होतं. असलेल्या शक्तीत त्यांनी आधी कोट बांधला, मग कडी काढली, मग पेला घेतला. मला फोन केला नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, “तू घाबरली असतीस.”

पेला कोरडा होता. मावशींनी तो उचलून ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे एकदाच बघितलं.

*

इस्पितळातली डॉक्टर माझ्याच वयाची मुलगी होती. तिनं खाटेशेजारी उभं राहून विचारलं, “दिवसातून किती वेळा लघवीला जाता?”

“तीन-चार वेळा,” मी म्हणाले.

“नॉर्मल आहे तसं,” नवरा म्हणाला.

दोघंही एकाच वेळी बोललो. डॉक्टरीण बाईंनी पेन खाली केलं. “मी त्यांना विचारलं.”

हाच नियम माझ्या फॉर्मच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलेला होता.

वन्संना बोलायला कष्ट पडत होते. “सकाळी एकदा. ही निघायच्या आधी. मग संध्याकाळी, ही आली की.”

“म्हणजे मध्ये?”

“मध्ये नाही.”

“दहा-अकरा तास? आणि पाणी?”

“पाणी प्यायलं तर जावं लागतं,” वन्सं म्हणाल्या, जणू डॉक्टरीण बाईंना एवढं साधं कळू नये याचं नवल वाटून.

“मग जायचं ना. घरात कोणी नसतं?”

“मुलगी मांडीवर झोपते. ठेवली की उठते. जागी असली की चालत सुटते. आणि तिला एकटं सोडायचं नाही असं ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

वन्संनी माझ्याकडे बघितलं नाही. छताकडे बघत म्हणाल्या, “असंच. ठरलंय.”

नवरा मध्येच म्हणाला, “अगं ताई, शेजारी कुणाला हाक मारायचीस!”

“एक दिवस मारते, दोन दिवस मारते,” वन्सं म्हणाल्या. “रोज दर दोन तासांनी कुणाला सांगू, मला जायचंय म्हणून? बाबांच्या वेळीही असंच होतं. त्यांना एकटं टाकलं की घाबरायचे. सवय होते.”

तपासण्या झाल्या. डाव्या मूत्रपिंडाच्या तोंडाशी खडा होता, बऱ्याच दिवसांपासूनचा, मागे लघवी तुंबून पू झालेला. डॉक्टरीण बाईंनी सरळ सांगितलं: जीव वाचेल, उजवं बरं आहे, डाव्यातलं फारसं काही उरलं नाही. “चार-सहा महिने आधी आणलं असतं तर,” असं म्हणून त्या थांबल्या.

चार-सहा महिने. मी मनात मागे मोजत गेले. टेंगूळ. दोन मिनिटं थांबता आलं नसतं का. त्या थांबल्या होत्या. मी सांगितलं तेव्हापासून थांबल्याच होत्या.

*

सहाव्या दिवशी धाकटे भाऊजी आणि जाऊबाई भेटायला आले. जाऊबाईंना सातवा महिना लागला होता. फळं आणली होती. भाऊजींनी खुर्ची ओढली, बहिणीचा हात हातात घेतला. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते.

“ताई, बरी हो लवकर. आणि आता या दोघांनी तुला पुष्कळ राबवलं. आता आमच्याकडे ये. मोठं घर, संडास आत आहे. आराम कर. तेवढ्यात हिचेही दिवस भरतील, बाळाला आत्या हवीच ना?”

“आत्याशिवाय बाळसं धरायचं नाही हो,” जाऊबाई हसून म्हणाल्या.

“नाही,” वन्सं म्हणाल्या.

“काय नाही?”

“येणार नाही.”

भाऊजींना वाटलं थट्टा आहे. “अगं, मग काय दादाकडेच राहणार? पक्षपात!”

“त्याच्याकडेही नाही.” वन्संनी हात सोडवून घेतला आणि त्या जरा वर सरकल्या. सलाईनची नळी ताणली गेली, मी पुढे झाले तर त्यांनी नजरेनंच मला थांबवलं. “मी कारखान्यात निरोप पाठवलाय. मावशींच्या हाती. मालक म्हणाले, आठवड्यातले चार दिवस या, शिवणीवर बसा. मावशींच्या मागची खोली रिकामी आहे. ती मी घेतेय.”

“या तब्येतीत?” नवरा म्हणाला. “लोक काय म्हणतील? दोन भाऊ असून बहीण…”

“लोकांना सांग, ताईला दर दोन तासांनी उठावं लागतं. डॉक्टरांनी लिहून दिलंय. बांधणीच्या टेबलावरून उठलं तर पुस्तक रडत नाही.”

कुणी हसलं नाही. वन्सं स्वतःच थोड्या हसल्या.

“ताई, आम्ही तुला कधी काही कमी केलं का?” भाऊजींचा आवाज दुखावलेला होता.

“नाही रे. जेवायला घातलंत, कपडे केलेत. पण बाबांच्या वेळी कुणी विचारलं नाही, जमेल का. छकुलीच्या वेळी विचारलं नाही. आजही तू मला बोलावलंस, विचारलं नाहीस. मी येईन. बाळ झालं की येईन, पाहुणी म्हणून. दोन दिवस राहीन, खेळवीन, आणि परत जाईन.”

आता माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते सांगते. वन्संची बाजू घ्यावी असं आलं नाही. पहिला विचार आला तो असा: सोमवारपासून छकुलीला कोण बघणार? एक मूत्रपिंड गमावलेली बाई समोर पडलेली, आणि मी मनात आठवड्याचे वार लावत होते. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नाही. रूढी म्हणजे दुष्ट माणसांनी चालवलेली काहीतरी गोष्ट असते असं मी समजत होते. ती माझ्यासारख्या, घाईत असलेल्या, प्रेमळ, शिकलेल्या माणसांनी चालवलेली असते.

“त्या येणार नाहीत, भाऊजी,” मी म्हणाले. “आणि आमच्याकडेही राहणार नाहीत. छकुलीचं आम्ही दोघं बघू. तिला आईबाप आहेत.”

नवऱ्यानं माझ्याकडे चमकून पाहिलं. मग त्यानं मान खाली घातली. बराच वेळ तो बहिणीच्या बोटावरच्या घट्ट्याकडे बघत होता. आता त्यानं कामाची पाळी बदलून घेतली आहे आणि मी अर्धा दिवस काम करते. आमची ओढाताण होते. व्हायलाच हवी होती. इतके दिवस ती आमच्या वाट्याची कुणीतरी सोसत होतं.

*

रजा संपवून कार्यालयात गेले ती थेट रकानेकाकांच्या टेबलापाशी.

“माझ्या घराचा फॉर्म परत हवा. त्यातली एक व्यक्ती खोटी आहे.”

“बनावट माणूस घातलात?” काका उडालेच.

“माणूस खरं आहे. उत्तरं माझी आहेत.”

त्यांनी चष्मा पुसला. “बाई, तो केव्हाच वर गेला. आणि एका फॉर्मनं सरासरीला धक्का लागत नाही.”

“किती फॉर्म असे आहेत, काका? तुम्ही तपासता तेव्हा एकाच घरातल्या चार माणसांची उत्तरं एकाच सुरात असतात. तुम्हाला कधी खटकलं नाही?”

मी बोलत राहिले, थांबता येत नव्हतं. “माझ्या वन्सं पुस्तकं शिवत होत्या तेव्हा देशाच्या उत्पन्नात धरल्या जात होत्या. बापाचं अंथरूण धुवायला लागल्या आणि त्या दिवशी त्या देशातून पुसल्या गेल्या. मी त्यांच्या जिवावर घराबाहेर पडले, तर देश माझ्याएवढा वाढला. हे चुकतं म्हणून ही पाहणी काढली ना? तर तिच्यातही मी त्यांच्या नावापुढे पाच चौकोन विश्रांती लिहिली. मांडीवर झोपलेली मुलगी, लघवी दाबून धरलेली, आणि विश्रांती. मग जुनी मोजणी काय वाईट होती?”

काकांनी खण उघडला. एक कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. मग इकडेतिकडे पाहून आणखी एक काढला आणि घडी घालून आपल्या डब्याच्या पिशवीत टाकला.

“कोरा फॉर्म घरी न्यायला बंदी आहे,” ते पुटपुटले. “आमच्या घरचाही मीच भरला होता. हिला विचारलं नव्हतं.”

*

तो फॉर्म मी एका रविवारी सकाळी मावशींच्या मागच्या खोलीत बसून भरला. खोली लहान आहे. एक पलंग, एक खिडकी, खिडकीत पाण्याची बाटली. वन्सं छकुलीचं चित्रांचं पुस्तक शिवत होत्या. छकुलीनं त्याची पाठ फाडून ठेवली होती. मेण लावलेला दोरा त्या पानांच्या घडीतून ओढत होत्या आणि छकुली बाजूला बसून दर टाक्याला “अजून” म्हणत होती.

मी बाहेरच्या मावशींना मशीन थांबवायला सांगितलं नाही. पण मध्ये कुणी आलं नाही. नियमाप्रमाणे.

मी एकेक प्रश्न वाचला. त्यांनी एकेक उत्तर दिलं. मुख्य व्यवसाय: पुस्तकबांधणी. अठ्ठेचाळीस चौकोनांपैकी स्वतःचे किती? “थांब, आठवू दे,” म्हणाल्या, आणि खरंच आठवत बसल्या. इतका वेळ घेऊन उत्तर देणारं माणूस मला त्या सबंध वर्षात भेटलं नव्हतं.

शिडी आली. “आजची सांगू की आमच्याकडची, म्हणजे तुमच्याकडची?”

“दोन्ही सांगा.”

“आज सहा. एका बाजूनं दुखतं, म्हणून सहा. नाहीतर सात.” दोरा तोडला. “तुमच्याकडे तीन. बाबांच्या वेळी दोन होतं. छकुलीमुळे एक चढले.”

मी तीन लिहिलं. आकडा नीट उमटला नाही, पुन्हा गिरवला.

“गरज पडल्यास तुमच्याकडे लक्ष देईल असे कोणी आहे का?”

“आहे.”

“कोण?”

वन्संनी सुई दोऱ्यात अडकवून ठेवली. त्या मला दुखवायला बघत नव्हत्या. प्रश्न खरा होता म्हणून त्यांनी खरं उत्तर दिलं.

“मावशी,” त्या म्हणाल्या. “लिही. खालच्या मजल्यावरच्या.”

मी लिहिलं.

वर्तमानपत्राची ही पुरवणी तुमच्या हातात पडेल तेव्हा बहुधा सुट्टीची सकाळ असेल आणि तुम्ही निवांत बसला असाल. तुम्हाला असं निवांत बसता यावं म्हणून तुमच्या घरात कुणीतरी कुणापाशी तरी बसलेलं असेल. मांडीवर मूल घेऊन, नाहीतर आजाऱ्याच्या उशाशी. वहिनी असेल, मावशी असेल, न लग्न झालेली बहीण असेल, जिच्याबद्दल तुम्ही विचारणाऱ्याला सांगता की ती घरीच असते, मजेत असते. कागद खाली ठेवा आणि तिच्याकडे जा. “सगळं ठीक ना?” असं विचारू नका, ती हो म्हणेल. मूल आपल्याकडे घ्या, नाहीतर त्या खाटेपाशी स्वतः बसा, आणि म्हणा, “मी आहे इथं. तू जाऊन ये. घाई करू नकोस.”

ती उठून गेली की तिच्या शेजारचा पेला उचलून बघा. ओला आहे का?